पोतनीसांची बाउंड्री

९ नोव्हेंबर २०२२ रोजी श्रीपाद पोतनीसांनी अकरा लाख पंच्याऐंशी हजार रुपये मोजून देवगड तालुक्यातल्या कांदळी नावाच्या गावी, समुद्राच्या पुळणीला लागून, चार खोल्यांचं कौलारू घर विकत घेतलं. त्यांच्या नावावर लागलेली ही पहिली मिळकत. त्या वेळी त्यांचं वय पासष्ट होतं.

दुसऱ्यांच्या मिळकतींचे कागद मात्र त्यांनी उभ्या जन्मात इतके लिहिले होते की अर्ध्या उज्जैनच्या भिंती त्यांना तोंडपाठ होत्या. कोठीवर, म्हणजे तिथल्या सरकारी कचेऱ्यांच्या आवारात, रजिस्ट्रीच्या कचेरीबाहेर लिंबाखाली त्यांचं टेबल असायचं. आधी शाई आणि स्टॅम्पपेपर, मग टाइपरायटर, शेवटची काही वर्षं लॅपटॉप. काम एकच. अमुक यांनी तमुक यांना विकलं, रक्कम इतकी, आणि त्याखाली चतुःसीमा. पूर्वेस काय, पश्चिमेस काय, दक्षिणेस कुणाचं घर, उत्तरेस कोणता रस्ता. ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की विनोदिनीबाई म्हणायच्या, "यांना जेवायला वाढलं तरी हे आधी बघतात, पूर्वेस लोणचं, पश्चिमेस वरण, मग घास घेतात."

पोतनीसांचे पूर्वज शिंदेशाहीत खजिन्यावर होते. त्या खजिन्यातलं आडनाव तेवढं घरी आलं. श्रीपादराव आणि विनोदिनीबाई माधव नगरात बक्षींच्या घराच्या वरच्या मजल्यावर तेहेतीस वर्षं भाड्याने राहिले. एक मुलगी, गौरी, तिथेच लहानाची मोठी झाली आणि लग्न होऊन पुण्याला गेली. विनोदिनीबाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, त्याही निवृत्त झाल्या. छत्तीस वर्षं लोकांची घरं कागदावर उभी करणाऱ्या माणसाने स्वतःचं का घेतलं नाही, असं कोणी विचारलं की श्रीपादराव हसून म्हणत, "हलवाई आपली मिठाई खातो का?"

खरं कारण वेगळं होतं. त्यांच्या वडिलांनी नोकरीत असताना नानाखेड्याच्या पुढे पंधराशे फुटांचा एक प्लॉट घेतला होता. रजिस्ट्री चोख होती, पण भोवती तारेचं कुंपणसुद्धा नव्हतं. वडील दर दिवाळीला सायकलवरून जाऊन प्लॉट बघून येत. एका दिवाळीला गेले तर तिथे पत्र्याचं शेड, शेडमध्ये दोन म्हशी आणि खाटेवर एक अनोळखी माणूस. त्याने वडिलांनाच विचारलं, "किससे मिलना है, बाबूजी?" केस एकोणीस वर्षं चालली. वडील त्याआधीच गेले. निकाल लागला तेव्हा शेडच्या जागी दुमजली इमारत होती, आणि निकालही विरुद्ध लागला.

तेव्हापासून श्रीपादराव प्रत्येक गिऱ्हाइकाला कागद हातात देताना एक वाक्य ऐकवत. त्याचे वेगळे पैसे घेत नसत. "भैया, रजिस्ट्री काग़ज़ पे है, कब्ज़ा ज़मीन पे. पहले बाउंड्री खींचो, मिठाई बाद में." कोठीवर चहावालादेखील हे वाक्य त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायचा.

तर असा माणूस समुद्रावर कसा पोचला, याला कारण विनोदिनीबाई. २०२२च्या फेब्रुवारीत गौरीने दोघांना कांदळीला नेलं. गाव असं की मोबाइलला रेंज शोधायला देवळाच्या पायरीवर जावं लागे. गाबित मच्छीमारांची तीस-पस्तीस घरं, एक शाळा, प्रकाशचं किराणा दुकान, वाळत घातलेली जाळी आणि दुपारी सगळीकडे शुकशुकाट. राहायची सोय नंदा कुबल या बाईंच्या घरात होती. नंदाचा नवरा वारला होता आणि मुलगा गोव्यात हॉटेलात होता. ती पाहुण्यांना पुढच्या चार खोल्या देई आणि स्वतः मागच्या दोन खोल्यांत राही. घराला समुद्राकडे तोंड करून लांब ओसरी होती. पहिल्या संध्याकाळी विनोदिनीबाई त्या ओसरीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या, आणि जेवायला हाका मारल्या तरी उठल्या नाहीत.

"अहो, इथून उठूच नये असं वाटतंय मला," त्या म्हणाल्या.

"बसा की," नंदा आतून म्हणाली, "उठूक कोण सांगता तुमका?"

चाळीस वर्षांच्या संसारात बायकोने एक मिक्सर सोडला तर काही मागितल्याचं श्रीपादरावांना आठवत नव्हतं. त्यांनी तिसऱ्या दिवशी नंदाला सहज विचारलं, "बाई, घर विकायचा काही विचार?" नंदाने लसूण सोलता सोलता उत्तर दिलं, "पुढचा इकूचाच असा. मागचा माका पुरे."

पुढचे आठ महिने श्रीपादराव तरुण झाले. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला माणूस शेतकरी असावा लागतो, आणि पोतनीसांच्या सात पिढ्यांत कुणी नांगर धरला नव्हता. पण घर गावठाणात होतं, त्यामुळे तो प्रश्न आला नाही. त्यांनी तीस वर्षांचे जुने कागद तपासले, ग्रामपंचायतीचा उतारा काढला, घरपट्टीच्या पावत्या लावल्या, आणि खरेदीखतातली चतुःसीमा वकिलाला हात लावू न देता स्वतः लिहिली. 'पश्चिमेस समुद्रपुळण' हे शब्द लिहून झाल्यावर त्यांनी ते दोनदा वाचले. असं वाक्य कोठीवर त्यांना कधीच लिहायला मिळालं नव्हतं.

उज्जैनच्या टावर चौकात संध्याकाळी पोहे आणि गप्पांसाठी जमणाऱ्या मंडळींत याची फार थट्टा झाली. त्यांचे मित्र सुहास मुजुमदार, बँकेतून निवृत्त, तोंडाने फटकळ.

"पोतनीस, तू मासे खात नाहीस, पोहता येत नाही, आणि मासेमारांच्या गावात जाऊन राहिला आहेस! शिप्रेत काय काटे होते?"

"शिप्रेत पाणी सोडावं लागतं यार. तिकडे आपोआप येतं."

"आणि तिथे आपलं मराठी कळेल का त्यांना? तू 'जाऊन राहिलो, येऊन राहिलो' बोलशील, ते समजतील पाहुणा राहायला आला आहे."

खरेदी झाली आणि श्रीपादरावांनी तेच केलं जे छत्तीस वर्षं दुनियेला सांगितलं होतं. डिसेंबरात ते एकटे कांदळीला गेले, जांभ्या दगडाचे चिरे उतरवले, गवंडी लावला आणि समुद्राच्या अंगाला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सहा फूट उंच भिंत घातली. मधे एक लोखंडी फाटक, एका माणसापुरतं, आणि त्याला पितळी कुलूप. सरपंचांना विचारलं होतं. ते म्हणाले, "बांधा की." वाडीतली माणसं येता-जाता थांबून बघायची. बापू तारी म्हणून वाडीतले वडीलधारे होते, होडीवरचे जुने तांडेल. ते एकदा बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "बरी घातल्यात. सरळ असा." आणि निघून गेले. श्रीपादरावांना ती शाबासकी वाटली.

घराच्या बाजूला, नंदाच्या खोल्यांना लागून, माडाच्या झावळ्यांनी शाकारलेली एक लांबट मोकळी खोप होती. श्रीपादरावांनी विचारलं तर नंदा म्हणाली, "ती होडयेची." खोप रिकामी होती, आणि ती नंदाच्या हिश्श्यात होती. तीस वर्षांचे कागद तपासणाऱ्या माणसाने पुढचा प्रश्न विचारला नाही.

संक्रांतीला विनोदिनीबाई आल्या. सामान आत न ठेवता आधी ओसरीवर गेल्या, खुर्ची ओढली आणि बसल्या. समोर चिऱ्यांची भिंत, आणि भिंतीवर दोन कावळे.

"समुद्र कुठे गेला?" त्यांनी विचारलं.

"आहे ना, तिथेच आहे. उभं राहिलं की दिसतो."

"म्हणजे आता म्हातारपणी मी उभी राहून चहा पिऊ?"

"आवाज तर येऊन राहिला आहे ना छान."

"आवाज टीव्हीवर पण येतो. अकरा लाख पंच्याऐंशी हजार देऊन मी भिंत बघायला आले का? ती तर बक्षींच्या गच्चीवरून फुकट दिसते."

श्रीपादरावांनी नानाखेड्याचा प्लॉट काढला. विनोदिनीबाईंनी तो लग्न झाल्यापासून ऐकलेला होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाबांच्या प्लॉटवर म्हशी आल्या. इथे कोण येणार आहे? लाटा?"

"तुला नाही कळायचं. रिकामी जागा दिसली की लोक पाय पसरतात."

दोन दिवसांच्या मुक्कामात त्या पुन्हा ओसरीवर बसल्या नाहीत. परतीच्या गाडीत, रतलाम यायच्या आधी, त्यांनी निर्णय सांगितला. "तुम्ही जा राहायला. मी येईन अधूनमधून. माझं माधव नगर बरं."

श्रीपादरावांना वाटलं, राग आहे, उतरेल. पण राग असता तर उतरला असता. विनोदिनीबाई नेहमीसारखं बोलत होत्या, स्वयंपाक करत होत्या, फक्त बांधाबांध करत नव्हत्या. ठरलं असं होतं की जूनमध्ये बक्षींच्या खोल्या सोडायच्या आणि कायमचं कांदळीला जायचं. श्रीपादरावांनी कोठीवरचं टेबल विकलं होतं. घरमालकांना नोटीस दिली होती. आणि एप्रिलमध्ये एका सकाळी जिन्यात त्यांनी आपल्या कानांनी ऐकलं, विनोदिनीबाई खाली सांगत होत्या, "बक्षी वहिनी, वरच्या खोल्या एवढ्यात कुणाला देऊ नका हं. आमचं काही पक्कं नाही."

त्या दिवसापासून त्यांना जेवण गोड लागेना. समुद्राचं घर त्यांनी जिच्यासाठी घेतलं ती येणार नसेल, तर त्या घरात एकट्याने कुलूप उघडायचं आणि लावायचं, एवढंच उरत होतं. पण भिंत पाडायची म्हटलं की डोळ्यांसमोर ती खाट आणि तो माणूस येई. 'किससे मिलना है, बाबूजी?' दोन्ही बाजू त्यांना पटत होत्या, आणि म्हणून काहीच होत नव्हतं.

अशात मेच्या दुसऱ्या आठवड्यात, उज्जैनला पारा त्रेचाळीसवर असताना, नंदाचा फोन आला.

"काकानू, नंदा बोलतंय कांदळीसून. बरे असास मां? होडी वर चढवूची असा. अमावास्येच्या आधी. पयलो हात तुमचो. येवक होया, वैनींका घेवन."

"पहिला हात माझा? तो कसा काय?"

"घर तुमचा मां आता? मान घराचो असता. सासरो होतो तवा सासऱ्याचो, मगे ह्यांचो. आता तुमचो. पयलो हात तुमचो लागल्याशिवाय होडी कोण हलवचो नाय."

श्रीपादरावांनी फोन ठेवला तेव्हा कान लाल झाले होते. पोतनीसांना शेवटचा मान कुठल्या तरी महाराजांच्या दसऱ्याला मिळाला असेल. त्यानंतर हाच. त्या संध्याकाळी टावर चौकात त्यांनी ही बातमी जरा वाढवूनच सांगितली.

"पूर्ण गाव थांबून राहिलं आहे. माझा हात लागल्याशिवाय होडी हलत नाही."

"मग साथ में फोटोवाला घेऊन जा," सुहास म्हणाले. "आणि कमरेचा पट्टा पण."

घरी विनोदिनीबाईंनी सगळं ऐकलं. मग त्या म्हणाल्या, "येते मी. हे मला बघायचंच आहे." श्रीपादरावांना वाटलं, मन वळायला लागलं.

कणकवलीहून एसटीने दोघं कांदळीला पोचले तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. घराच्या मागून आत शिरून श्रीपादरावांनी प्रवासाचे कपडे बदलले आणि नवा झब्बा घातला. मग ते ओसरी ओलांडून फाटकाशी गेले, पितळी कुलूप उघडलं, आणि बाहेर पाऊल टाकलं.

बाहेर भिंतीच्या सावलीत, ओळीने, पंचवीस-तीस माणसं बसली होती. कोणी विडी ओढत होतं, कोणी पान लावत होतं, बायकांनी नारळ आणि हळदकुंकवाचं ताट आणलं होतं. आणि त्यांच्यासमोर, पुळणीच्या चढावर, लाकडी ओंडक्यांवर नाक रोखून, होडी उभी होती. सात-आठ माणसांच्या लांबीची, काळी, जाडजूड. तिचं नाक सरळ भिंतीकडे होतं. भिंतीपलीकडे अंगण, अंगणाच्या बाजूला खोप.

श्रीपादरावांनी एकदा होडीकडे बघितलं, एकदा आपल्या फाटकाकडे. मग उत्तरेला बघितलं. तिकडे काळे खडक होते. दक्षिणेला माडांची बाग आणि तिचा उंच दगडी गडगा. चढ होता तो एकच, आणि तो त्यांच्या दोन सीमांच्या मधोमध होता.

"इलात?" बापू उठले. त्यांनी कुंकू लावून नारळ श्रीपादरावांच्या हातात दिला. "या. तुमचीच वाट बघीत होतो."

"बापू, ही होडी दर वर्षी... इथूनच जाते?"

"माझ्या आज्यापासून तरी हयसूनच."

"मग मी भिंत घालत होतो तेव्हा सांगितलं का नाही कुणी?"

बापूंनी नंदाकडे बघितलं, नंदाने बापूंकडे. नंदा म्हणाली, "इचारल्यात खंय? आमका वाटला, तुमी कागदातले जाणते. कायतरी येवजल्यात असतला. मोठा फाटक-बिटक मागसून करतास म्हणान."

"सरपंच बांधा म्हणाले. तुम्ही सरळ आहे म्हणालात."

"सरळच असा," बापू गंभीरपणे म्हणाले. "खोटा कित्याक बोला?"

पाठीमागून कोणीतरी खुसखुसलं. श्रीपादरावांनी वळून बघितलं तर विनोदिनीबाई फाटकात उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून.

"तुला माहीत होतं?"

"फोनवरच कळलं मला. ती खोप काय कोंबड्यांची आहे का एवढी लांब?"

श्रीपादराव नारळ हातात घेऊन उभे राहिले. त्यांच्यातला कागदवाला जागा झाला. त्यांनी विचारलं, होडी या वर्षी पुळणीवरच ठेवली तर? बापू म्हणाले, परवा अमावास्येचं उधाण, पाणी भिंतीला येऊन लागेल, होडी आपटून फुटेल. मग दुसऱ्या बंदरात नेली तर? तिथे ज्यांच्या खोपी त्यांच्या होड्या. होडी पंधरा घरांची होती. रापणीचं जाळं तिच्यातून जातं, किनाऱ्यावरून सगळी वाडी ते ओढते, आणि दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळतो.

"मी नाही म्हटलं तर?" त्यांनी शेवटी विचारलं. हे त्यांना विचारायचंच होतं.

कोणी चिडलं नाही. बापूंनी डोकं खाजवलं.

"तर नाय. घर तुमचा, भिंत तुमची. आमी कोण हात लावतलो? होडी फुटली तर दुसरी बघूची."

"तुम्ही... माझ्या पाठीमागे, मी नसताना, कधी पाडली असती तर मला कळलंही नसतं."

"शी," नंदा म्हणाली. "तसा कसा करतले?"

 नानाखेड्याला कुणी नारळ घेऊन वडिलांची वाट बघत थांबलं नव्हतं.  श्रीपादरावांनी नारळ बापूंकडे परत दिला, झब्ब्याच्या बाह्या सारल्या आणि विचारलं, "पहार कुणाकडे आहे?"

पहार तिथेच होती. फाटकाच्या कडेला, भिंतीला टेकवून ठेवलेली, घासून पुसून.

"ही इथे कुणी ठेवली?"

"वाऱ्यान इली असात," बापू म्हणाले.

आता माणसं खुलेपणाने हसली. श्रीपादरावांनी पहार उचलली. ती त्यांच्या अंदाजापेक्षा जड निघाली. वरच्या थरातल्या एका चिऱ्याच्या फटीत त्यांनी ती घातली आणि जोर केला. चिरा हलला नाही. पुन्हा केला. कमरेत कळ आली. तीस माणसं बघत होती आणि कोणी पुढे येत नव्हतं. पहिला हात लागून चिरा पडल्याशिवाय कोणी येणारही नव्हतं.

"गवंडी चांगला होता हो," विनोदिनीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पदर खोचून पहारीचं मागचं टोक धरलं. "हं, आता. वर्गात पोरं बाकावरून उठवायची सवय आहे मला. जोर लावा."

चिरा निघाला, भिंतीच्या पलीकडे अंगणात धपकन पडला आणि दोन तुकडे झाले. मग काही सांगावं लागलं नाही. माणसं उठली, हातोहात चिरे उतरू लागले. जे शाबूत निघत ते बायका बाजूला रचून ठेवत. एक-दोनदा श्रीपादरावांच्या तोंडातून "अरे, हळू, हळू" निघालं, पण कुणी ऐकलं नाही.

थोड्या वेळाने बापूंनी हात वर केला. "बस. होडयेक धा फूट पुरे."

"थांबा," ओसरीवरून आवाज आला. विनोदिनीबाईंनी आपली प्लास्टिकची खुर्ची आणून मांडली होती आणि तीत बसून, मान कधी इकडे कधी तिकडे करून, त्या भिंतीतल्या खिंडारातून बघत होत्या. "अजून डावीकडे काढा."

"वैनीनू, होडी जाता धा फुटांतसून."

"होडी जाते हो. माझा सूर्य जात नाही. तो त्या कोपऱ्यात मावळतो. अजून चार फूट."

बापूंनी श्रीपादरावांकडे बघितलं. मालकाची परवानगी हवी होती. श्रीपादराव घामाने निथळत होते, नव्या झब्ब्यावर लाल माती होती. ते म्हणाले, "काढा. ती सांगते तेवढं काढा."

चौदा फूट झाल्यावर विनोदिनीबाईंनी खुर्ची मागे टेकवली. ओसरीवरून समुद्र दिसत होता. दुपारचा, पांढरा, डोळे दिपवणारा.

मग नारळ फुटला. श्रीपादरावांनी होडीच्या नाकाला हात लावला. बापूंनी आरोळी दिली, सगळ्यांनी तिला ओ दिली, आणि होडी ओंडक्यांवरून एक वाव, पसरलेल्या दोन हातांएवढी, सरकली. मागचे ओंडके काढून पुढे घालायचे, आरोळी द्यायची, ओढायची. श्रीपादराव दोराच्या अगदी पुढे होते, मानाच्या जागी. तिथे जोर कमी आणि लोकांची नजर जास्त लागते. तरी त्यांनी जोर केला. होडी खिंडारातून आत येताना तिची कड उरलेल्या भिंतीला किंचित घासली, आणि बापूंच्या आधी तेच ओरडले, "अरे, सांभाळा, होडी सांभाळा!"

ती खोपीत जाऊन बसली तेव्हा तिसरा प्रहर झाला होता. नंदाने पाणी आणून दिलं आणि हळूच सांगितलं की मान ज्याचा, त्याने सगळ्यांचं तोंड गोड करायचं असतं. श्रीपादरावांनी खिशात हात घातला तर पाकीट प्रवासातल्या पँटमध्ये राहिलं होतं. ते तसेच प्रकाशच्या दुकानात गेले आणि गुळाचं खाजं उधारीवर घेऊन आले. सगळी वाडी त्यांच्या अंगणात बसून खाजं खात होती. कोणी होडीवर बसलं होतं, कोणी रचलेल्या चिऱ्यांवर.

"काकानू," नंदा म्हणाली, "आता रापणीत तुमचो वाटो इलो. मासे खावचे नाय तर करतलास काय?"

"तुलाच देईन."

"माझो वाटो माका पुरे. तुमचो मांजर खायत."

विनोदिनीबाई त्या गर्दीत नव्हत्या. रेंज मिळावी म्हणून त्या देवळाच्या पायरीवर गेल्या होत्या. श्रीपादराव त्यांना बोलवायला गेले तेव्हा त्यांनी ऐकलं, "हो, बक्षी वहिनी, मीच. अहो, वरच्या खोल्यांची पाटी लावून टाका. हो, पक्कं. आणि माझी ती दोन मोठी पातेली नका देऊ कुणाला, ती मी नेणार आहे."

जूनअखेर सामानाचा ट्रक निघाला. टावर चौकातली मंडळी निरोपाला माधव नगरात आली होती. सुहासने विचारलं, "मग पोतनीस, बाउंड्री कशी आहे तुझी?"

"आहे ना."

"पूर्ण?"

"चौदा फूट कमी."

सुहासला यात काहीतरी गंमत आहे असं वाटलं, पण ट्रकवाला हॉर्न वाजवून राहिला होता आणि गोष्ट लांब होती.

त्याला आता काही वर्षं झाली. श्रीपादराव आणि विनोदिनीबाई कांदळीलाच असतात. पावसाचा जोर ओसरला की नारळी पौर्णिमेच्या सुमारास होडी त्याच वाटेने खाली जाते आणि मेमध्ये वर येते. दोन्ही वेळा पहिला हात श्रीपादरावांचा असतो. उरलेली भिंत तशीच आहे, लोखंडी फाटकही आहे आणि त्याला कुलूपही लावलेलं असतं, शेजारची चौदा फूट जागा मोकळी असली तरी. ते रोज संध्याकाळी कुलूप ओढून बघतात. नंदाने एकदा विचारलं, "ह्या कित्याक?" ते म्हणाले, "सवय." विनोदिनीबाई त्या वेळी खुर्चीत असतात आणि तिकडे बघतही नाहीत.

गौरी मुलीला घेऊन येते तेव्हा नात खिंडारातून थेट पुळणीवर पळते आणि श्रीपादराव तिच्यामागे. पोहता त्यांना अजून येत नाही. गुडघ्यापर्यंत पाण्यात ते जातात. बापू वरून ओरडतात, "काकानू, पश्चिमेची हद्द इली, मागे फिरा!"

पहिल्या वर्षी होडी चढवली तेव्हा आणलेल्या खाज्याचे चारशे ऐंशी रुपये झाले होते. तीनशे श्रीपादरावांनी दुसऱ्या दिवशी नेऊन दिले, बाकीच्याला प्रकाशकडे सुटे नव्हते. त्यानंतर दोन-तीनदा ते पैसे घेऊन गेले, तेव्हा दुकान बंद होतं किंवा प्रकाश म्हणाला, मगे बघू. प्रकाशचे एकशे ऐंशी रुपये अजून द्यायचे आहेत.